पाण्यात उलटं व्हायचे अठरा हजार: ऑफशोअर सेफ्टी ट्रेनिंग चौथ्यांदा करून आलो त्याचा रिव्ह्यू

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे ऑफशोअरला, कामाला जायचं तर हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं ते शिकवतात. मागच्या आठवड्यात ते हेलिकॉप्टरवालं ट्रेनिंग करून आलो, चौथ्यांदा. नाक अजून झोंबतंय. अमळनेरला घरी पोचून बॅग खाली ठेवली नाही तोच गल्लीतली दोन पोरं दारात हजर, भाऊ किती पैसे लागतात, भाऊ किती दिवस असतं, भाऊ पोहता येत नाही तं चालेल का, आणि मग एकदम हळू आवाजात, भाऊ न जाता सर्टिफिकेट भेटतं का. म्हणलं थांबा, लिहूनच टाकतो, कारण आपल्या जळगाव धुळे नंदुरबारकडची बरीच पोरं आता ऑफशोअरला जायचं म्हणतात, वेल्डर, फिटर, रिगर, स्कॅफोल्डिंगवाले, पेंटर, एकेकाला किती सांगणार.

सेंटरचं नाव टाकत नाहीये. नवी मुंबईकडचं आहे एवढं पुरे. काही चांगलं लिहिणारे, काही वाईट लिहिणारे, आणि चार वर्षांनी मला परत तिथंच पाण्यात उलटं व्हायचंय, माझा बेल्ट लावणारा माणूस तोच असणारे, उगाच कशाला वाकडं घ्या.

मी वेल्डर. आयटीआय केलं, दोन वर्षं एमआयडीसीत काढली, मग २०१२ ला एका कॉन्ट्रॅक्टरकडून मुंबई हायला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुंबई हाय म्हणजे मुंबई नाही. मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटर आत समुद्रात, १९७४ ला सागर सम्राट नावाच्या, विहीर खोदणाऱ्या रिगनं तिथं तेल शोधलं, १९७६ पासून काढणं चालू आहे. लोखंडी पायांवर उभे प्लॅटफॉर्म, पाइपांचं जंगल, खाली पाणी. पावसाळा सोडला की आमच्यासारख्यांचं काम.

माय दर वेळी बॅग भरताना एकच विचारते, "आते तरी बरं शे का तठे?" मी म्हणतो हो, बरं शे, आणि चिवडा किती दिला ते विचारतो. ह्या वेळी तीन दिवस ट्रेनिंगमध्ये तेच डोक्यात चालू होतं, की खरंच बरं आहे का, म्हणजे पहिल्यापेक्षा. त्यामुळे रिव्ह्यू ट्रेनिंगचा आहे पण मधेमधे तिकडं भरकटणार, सांगून ठेवतो.

आधी स्विमिंग पूल, कारण पैसे त्याचेच असतात. बाकी सगळं मोबाइलवर बघता येईल, हे नाही येणार.

पाइपांची एक केबिन असते, खिडक्या, सीट, चार पट्ट्यांचा बेल्ट, वरून क्रेनला टांगलेली. सहा जण बसवतात आणि खाली सोडतात. पाणी आधी बुटात, मग मांडीवर, मग छातीवर, हनुवटीला लागलं की मोठा श्वास घ्यायचा, आणि मग ती केबिन पूर्ण उलटी होते. डोकं खाली पाय वर, नाकात पाणी, आणि तुम्ही बेल्टमध्ये लटकलेले. उलटी का करतात तं हेलिकॉप्टरचं सगळं वजन वरती असतं, इंजिन, गिअरबॉक्स, पंखा, त्यामुळे पाण्यात उतरलं की ते पलटी मारायलाच बघतं.

आता ऐका, बोरीला पूर आला की उड्या मारणारे, विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले आपण, आपल्याला वाटतं पोहता येतंय ना मग काय. मलाही वाटलं होतं २०१२ ला. पोहणाऱ्याचीच फजिती जास्त होते. विहिरीत श्वास संपला की पाय मारायचे आणि वर यायचं, हे अंगात बसलेलं असतं, इथं उलटं झाल्यावर वर म्हणजे खाली. मी पहिल्या वेळी काय केलं तं घाबरून आधी बेल्ट सोडला. बेल्ट सुटला की माणूस त्या केबिनच्या फ्लोअरला जाऊन चिकटतो, जो आता वर आहे, आणि खिडकी कुठं तेच कळत नाही. हात चाचपडतोय, सीटचा पाइप हाताला लागतोय, परत तोच पाइप. डायव्हरनं कॉलर धरून काढला. बाहेर आल्यावर वीस मिनिटं कोणाशी बोललो नाही.

शिकायचं असतं ते एवढंच, की एक हात खिडकीच्या चौकटीवर, तो हलवायचा नाही काही झालं तरी, केबिन फिरायची थांबेस्तोवर गप बसायचं, मग खिडकी ढकलायची, चौकट पकडून ठेवायची, आणि शेवटी, एकदम शेवटी, बेल्ट. मग हातानं स्वतःला ओढत बाहेर, पाय मारायचे नाहीत, मागच्याच्या तोंडावर बसतात. लिहायला चार ओळी. करायला लागतात आठ-दहा सेकंद, आणि त्यात डोकं सांगतं बेल्ट सोड, बेल्ट सोड.

ह्या वेळचा पूलवरचा इन्स्ट्रक्टर नेव्हीतून रिटायर झालेला होता, त्याला पाच पैकी पाच. ओरडणं नाही, घाई नाही. ओडिशाचा एक पोरगा थरथरत होता, त्याला आधी नुसतं कडेला पाण्यात डोकं घालायला लावलं, मग केबिनमध्ये एकट्याला सरळच बुडवलं न उलटवता, आणि शेवटी उलटं. पोरगं बाहेर आलं तं हसत होतं. २०१६ ला मी दुसऱ्या सेंटरला होतो तिथं एकच राउंड झाला होता, उलटं झालं, बाहेर आलो, सही करा, झालं. ह्या वेळी चार झाले, त्यातले दोन खिडकी बंद ठेवून. हा फरक मोठा आहे.

हे कामाला येतं का? २८ जून २०२२ ला मुंबई हायला सागर किरण रिगजवळच हेलिकॉप्टर पाण्यात गेलं. नऊ जण होते, पाच वाचले, चार गेले. रिग डोळ्यासमोर होती. त्याआधी २०१८ च्या जानेवारीत जुहूवरून निघालेलं हेलिकॉप्टर डहाणूजवळच्या समुद्रात पडलं, सातच्या सात गेले. म्हणजे ट्रेनिंगनं सगळं वाचतं असं मी म्हणणार नाही, पाण्यावर आपटल्यावर शुद्धच नसेल तर खिडकी कोण ढकलणार. पण शुद्ध असेल तर त्या आठ-दहा सेकंदांसाठीच हे अठरा हजार आहेत.

एक तक्रार. छोटी हवेची बाटली असते, जॅकेटला लावलेली, बुडाल्यावर तोंडात धरली की एखाद-दोन मिनिटांची हवा. २०१३ ला स्कॉटलंडच्या वर शेटलंडपाशी हेलिकॉप्टर पडून चौघं गेले, त्यानंतर ब्रिटनवाल्यांनी ही श्वासाची सोय फार मनावर घेतली, आणि नुसती बाटलीच नाही, तिकडं आता प्रवाशांचे खांदे मोजतात, रुंद माणसाला मोठ्या खिडकीपाशीच बसवतात, कारण खिडकीतून बाहेर निघालाच नाही तर काय उपयोग. (आपल्याकडं भरीत-भाकरी खाऊन झालेले खांदे मोजले तर निम्मी बॅच घरी.) आमच्या सेंटरला ती बाटली टेबलवर ठेवून दाखवली, कोरड्यात तोंडात धरून फोटो काढले, पाण्यात दिली नाही. का, तर तुमच्या कोर्समध्ये नाही, त्याचे वेगळे पैसे. बरोबर असेल त्यांचं, पण मग दाखवता कशाला.

वर्गाला पाच पैकी दोन. सोळा जणांची बॅच, त्यात नऊ यूपी-बिहारचे, तीन ओडिशाचे, दोन तमिळ, मी आणि एक शिरपूरचा. स्लाइड सगळ्या इंग्रजी, आणि मास्तर त्या वाचून दाखवतो, इंग्रजीतच. शिरपूरवाला दुपारनंतर डोळे उघडे ठेवून झोपत होता, ही पण कला आहे. परीक्षेच्या आधी उत्तरं सांगून टाकली, सगळे पास.

आणि मला राग ह्याचा आला की पायपर अल्फा चार स्लाइडमध्ये उरकली. अरे, हे सगळं ट्रेनिंग, परमिट (कामाचा लेखी परवाना), मस्टर (धोक्याच्या वेळी एका जागी जमून हजेरी), सगळं ज्याच्यामुळे एवढं कडक झालं ती गोष्ट दहा मिनिटांत?

मी सांगतो. ६ जुलै १९८८, ब्रिटनच्या बाजूचा उत्तर समुद्र. पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर कंडेन्सेटचे (गॅसबरोबर येणारं पातळ तेल) दोन पंप, ए आणि बी. ए पंपाचा सेफ्टी वॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, त्या जागी नुसती ब्लाइंड फ्लँज (पाइपाचं तोंड बंद करायची चकती) बसवलेली, ती पण नीट घट्ट नाही. काम संध्याकाळपर्यंत संपलं नाही. परमिटचा कागद कंट्रोल रूममध्ये ठेवून माणूस गेला, रात्रपाळीवाल्याशी समोरासमोर बोलणं झालं नाही. रात्री दहाच्या आसपास बी पंप बंद पडला, चालू होईना, रात्रपाळीवाल्यांनी कागद बघितले तं त्यात वॉल्व्हचा कागद नाहीच, म्हणलं ए चालू करू. गॅस सुटला, स्फोट. आगीचे पंप आपोआप चालू व्हायला पाहिजे होते पण ते मॅन्युअलवर ठेवलेले, का तर पाण्याखाली डायव्हर असतात, पंपानं ओढले जातील. आणि शेजारचे दोन प्लॅटफॉर्म, टार्टन आणि क्लेमोर, ह्याच्याच पाइपलाइनला जोडलेले, त्यांना आग दिसतेय पण ते तेल-गॅस ढकलतच राहिले, कारण बंद करायचं कोणी ठरवायचं हेच कोणाला कळेना. १६७ माणसं गेली. ६१ वाचले. बरेच जण राहायच्या खोल्यांमध्ये जमले होते, हेलिकॉप्टर येईल, कोणीतरी सांगेल म्हणून थांबले, ते तिथंच गेले. वाचले त्यातले बहुतेक न थांबता दोरानं उतरले नाहीतर एवढ्या उंचीवरून उड्या मारल्या.

आता हे कोणाला नवीन आहे आपल्याकडं? डीपीवर वायरमन चढलेला, खालच्याला सांगून ठेवलेलं की लाइन टाकू नको, खालचा चहाला गेला, दुसरा आला, त्याला वाटलं लाइन गेली म्हणून टाकली. तेच आहे. फक्त तिकडं १६७.

त्यानंतर लॉर्ड कलन नावाच्या जज्जानं चौकशी केली, १९९० ला रिपोर्ट, १०६ शिफारशी, सगळ्या मान्य झाल्या. मुख्य म्हणजे आधी नियमाची यादी असायची, टिक केलं की झालं. आता कंपनीनंच दाखवायचं की आमच्या प्लॅटफॉर्मवर काय काय बिघडू शकतं आणि ते बिघडलं तर आम्ही काय करणार, ते पटलं तरच चालवा. आपण आज परमिटवर जी सही करतो, शिफ्ट बदलताना जे समोरासमोर सांगावं लागतं, बंद केलेल्या मशीनला कुलूप लावून चावी खिशात ठेवतो, त्या सगळ्यामागं ही रात्र आहे असं मास्तरनं सांगितलं असतं तर शिरपूरवाला जागा राहिला असता.

आणि वेल्डर असून मला पूर्वी माहीत नव्हतं, ह्या वेळी त्या नेव्हीवाल्यानं चहा पिताना सांगितलं, अलेक्झांडर किलँड. नॉर्वेचं, मार्च १९८०. समुद्रात तरंगणारं राहायचं प्लॅटफॉर्म, पाच पायांचं. वादळात एक पाय तुटला आणि अख्खं उलटलं, २१२ पैकी १२३ गेले. तुटलं कुठून, तर एका आडव्या ब्रेसवर (पायांना जोडणारा पाइप) पाण्याखालचा आवाज ऐकायचं छोटं यंत्र बसवायला एक पट्टी वेल्ड केलेली होती, सहा मिलिमीटरचं फिलेट वेल्ड (दोन तुकड्यांच्या कोपऱ्यात मारतात ते), त्यात क्रॅक होता, तो वाढत गेला. भार घेणारं वेल्डसुद्धा नव्हतं ते! सहा एमएम फिलेट आपण डोळे झाकून मारतो, ब्रॅकेट आहे ना, चल, मार. त्या दिवशी रात्री झोप लागेना, आत्तापर्यंत मारलेली सगळी ब्रॅकेटं आठवत होतो.

आपल्या मुंबई हायचं मात्र एकच स्लाइड, त्यात एक फोटो. २७ जुलै २००५, आदल्या दिवशी मुंबईत तो २६ जुलैचा पाऊस. समुद्र खवळलेला, हेलिकॉप्टर उडत नाही. समुद्र सुरक्षा नावाच्या जहाजावर एका कुकची बोटं कापली, त्याला उपचाराला प्लॅटफॉर्मवर द्यायचं म्हणून जहाज जवळ आणलं, जहाजाचा कंट्रोल बिघडला, लाटेनं जाऊन गॅसच्या रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्राच्या तळातून वर येणारा पाइप. दोनेक तासात मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. ३८४ माणसं होती सगळी मिळून, ३६२ वाचवली, २२ गेली. तसल्या हवेत ३६२ काढली हे पण लिहिलं पाहिजे. जहाजाचं नाव सुरक्षा होतं, जाऊ दे.

त्यानंतर २००८ ला आपल्याकडं ऑफशोअरच्या सेफ्टीचे वेगळे नियम आले आणि ओआयएसडीला (तेल उद्योगाची सेफ्टी बघणारं सरकारी खातं) अधिकार मिळाले. ओआयएसडी १९८६ पासून होतं पण समुद्रातल्या कामासाठी असा कायद्याचा दंडुका त्यांच्या हातात नव्हता. म्हणजे तेल काढायला लागून बत्तीस वर्षांनी. असो, आले ना.

मग आता मायच्या प्रश्नाचं. माझ्या डोळ्यानं बघितलेलं सांगतो. २०१२ ला मी पहिलं हॉट वर्क (वेल्डिंगसारखं ठिणग्या उडणारं काम) केलं तेव्हा फोरमन म्हणाला, "तू चालू कर, परमिट येतंय मागून." मी चालू केलं. गॅस टेस्ट कधी झाली मला माहीत नाही, झाली असेल तर. फायर वॉच म्हणून, म्हणजे आग लागते का ते बघायला, जो माणूस उभा केला होता तो माझेच रॉड आणून देत होता. मागच्या सीझनला काय झालं तं मी जाळीखाली एक सपोर्ट लावत होतो, फायर ब्लँकेट बांधलेलं, गॅसचा मीटर बाजूला लटकलेला, परमिट प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेला. फायर वॉच लघवीला गेला, बदली माणूस न देता. सेफ्टीचं एक पोरगं, पंचवीसचं असेल, मिशी पण नीट नाही, ते आलं, बघितलं, म्हणालं बंद करा. मी म्हणलं येतोय तो दोन मिनिटांत. नाही, बंद. परमिट काढून घेतला, परत गॅस टेस्ट, परत सह्या, अडीच तास गेले. आणि मला वाटलं आता फोरमन त्याला फाडून खाणार, तर फोरमन त्याच्याकडं बघून गपचूप चहाला गेला. कोणी ओरडलं नाही. हे २०१२ ला शक्य नव्हतं, त्या पोराला बोटीत बसवून परत पाठवला असता.

तर प्लॅटफॉर्मवर सुधारलंय, छातीवर हात ठेवून सांगतो. जगातल्या तेल कंपन्यांची जी संघटना १९८५ पासून अपघाताचे आकडे जमवते, त्यातही कामाच्या तासांमागे माणसं मरायचं प्रमाण तेव्हापेक्षा खूपच खाली आलंय.

पण. एक बोर्ड असतो सगळीकडं, अमुक इतके दिवस अपघात नाही. सेंटरच्या गेटवर पण होता. तो बोर्ड बघितला की मला डीपवॉटर होरायझन आठवतं. २० एप्रिल २०१०, अमेरिकेचं गल्फ ऑफ मेक्सिको. त्या दिवशी मोठे साहेब लोक रिगवर आलेले, कशाला, तर सात वर्षं कोणाला रजा घ्यावी लागेल अशी इजा झाली नाही त्याचं कौतुक करायला. त्याच दिवशी विहिरीची प्रेशर टेस्ट चुकीची वाचली गेली, सगळं ठीक आहे समजले, रात्री गॅस वर आला, ११ माणसं गेली, आणि तेल ८७ दिवस समुद्रात वाहत होतं. म्हणजे जिन्यावर कठडा धरा, हेल्मेट घाला, गरम चहाच्या कपाला झाकण लावा, हे सगळं सुधारलं म्हणून बोर्डाचा आकडा वाढतो, पण विहिरीत आणि पाइपात काय चाललंय ते त्या बोर्डला कळत नाही. ट्रेनिंगमध्ये पण तसंच, कठडा धरण्यावर पाऊण तास, विहिरीवर पाच मिनिटं.

दुसरा "पण" ह्यापेक्षा मोठा आणि तो आपल्या पोरांसाठी. आपण प्लॅटफॉर्मवर काम करतो पण झोपतो कुठं? बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या तराफ्यासारख्या जहाजावर. प्लॅटफॉर्मवर जागा कमी, तिथं कंपनीची माणसं, कॉन्ट्रॅक्टची बाजूच्या बार्जवर. बऱ्याच बार्जला स्वतःचं इंजिन पण नसतं, टगनं ओढून आणायचं, नांगर टाकून उभं करायचं. मे २०२१, तौक्ते वादळ. पी-३०५ बार्जवर २६१ माणसं. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून होता, तरी बार्ज किनाऱ्याला न नेता त्याच भागात ठेवलं. नांगर तुटले, वाहत जाऊन प्लॅटफॉर्मला धडकलं, १७ मे ला संध्याकाळी बुडालं. नेव्हीनं अंधारात, त्या लाटांत १८६ जण काढले. बार्ज आणि वरप्रदा टग मिळून ८६ गेले. वाचलेल्यांनी सांगितलं की बरेच लाइफ राफ्ट (जीव वाचवायच्या फुगवायच्या होड्या) फुटके निघाले. मी तेव्हा घरी होतो, कोविडमुळे काम नव्हतं, टीव्हीसमोर बसलेलो, आणि माय टीव्हीकडं न बघता माझ्याकडं बघत होती.

पायपर अल्फाला ३३ वर्षं होत आली होती तोपर्यंत.

त्यानंतरचा माझा अनुभव, बार्जचं नाव काय विचारू नका. मस्टर ड्रिल म्हणजे मेसमध्ये जेवताना कागद फिरला, सही करा. मी माझ्या बंकखालचं लाइफ जॅकेट काढून बघितलं तं शिटी नाही, लाइटची बॅटरी गेलेली. बदलून मागितलं तर म्हणाले तुलाच काय पडलंय. चार दिवस मागं लागलो तेव्हा दिलं. प्लॅटफॉर्मवर तेच पोरगं मला फायर वॉच नाही म्हणून बंद करायला लावतं, आणि बार्जवर जिथं मी रात्री झोपतो तिथं शिटी नसली तरी चालतं. शिडी उतरलं की नियम संपतात असं वाटतं कधीकधी.

म्हणून ट्रेनिंगमधला जो भाग मी सगळ्यात जास्त लक्ष देऊन करा म्हणीन तो लाइफ राफ्टचा. हेलिकॉप्टरनं बहुतेक साहेब लोक जातात, आपल्याला जास्त करून बोट. राफ्ट कसा टाकायचा, दोरी ओढून कसा फुगवायचा, उलटा पडला तर त्याच्या तळावरच्या पट्ट्या धरून, वारा तोंडावर घेऊन कसा सुलटा करायचा. ते एकट्यानं करायला लावतात आणि राफ्ट अंगावर येऊन पडतो, आत काळोख, घाबरायचं नाही, पाठीवर होऊन सरकत बाहेर यायचं. आणि पाण्यात घोळक्यानं हातात हात अडकवून राहायचं, एकट्यानं पोहत कुठं जायचं नाही, १६० किलोमीटर पोहणार का. ह्या भागाला साडेचार. अर्धा कापला कारण राफ्ट एकच होता आणि आपली पाळी येईस्तोवर ओल्या कपड्यात दीड तास कुडकुडत बसलो.

फायरच्या दिवसाला तीन. सोळा जणांत आग विझवायचे चार सिलिंडर, प्रत्येकाला एकदा दाबायला मिळालं. धुराची खोली चांगली आहे, भिंतीला हाताची मागची बाजू लावत सरकायचं, पुढची नाही, का तर वायर उघडी असली आणि शॉक बसला तर मूठ वळून तिलाच पकडून राहते. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा उपयोगी आहे.

जेवणाला एक. डाळ होती का डाळीचं पाणी होतं ह्यावर शिरपूरवाल्याशी वाद झाला. दोघांनी मिळून तिसऱ्या दिवशी बाहेर शेवभाजी शोधली, मिळाली, लाल रस्सा बघून जीव भरला, खाल्ल्यावर कळलं की गोड आहे.

आता तो हळू आवाजातला प्रश्न. हो, भेटतं. आपल्याच भागात एजंट आहेत, आधार कार्ड आणि दोन फोटो द्या, पाणी न लागता सर्टिफिकेट, थोडे पैसे जास्त. खोटं सर्टिफिकेट ऑनलाइन चेक होतं, गेटवरच पकडलात तर कायमचे बाद, आणि नाही पकडलात तर त्याहून वाईट, कारण मग खरोखर त्या सीटवर बसणार. आमच्या बॅचमध्ये एकानं कबूल केलं की मागचं त्याचं तसलंच होतं. पहिल्या राउंडला तो माझ्या शेजारी होता. उलटं झाल्याबरोबर त्यानं माझाच बेल्ट ओढायला सुरुवात केली.

एकूण काय, घ्या. अठरा हजारात फी, तीन रात्री राहणं, जेवण आणि येणं-जाणं सगळं आलं माझं. पहिल्यांदा कोणी कॉन्ट्रॅक्टर तुमचे पैसे भरत नाही, नंतर भरले तर पगारातून कापतात का ते आधीच विचारा. बुक करायच्या आधी फोन करून तीनच गोष्टी विचारा: उलटे राउंड किती, खिडकी बंद ठेवून किती, हिंदी बोलणारा इन्स्ट्रक्टर आहे का. एवढं विचारलं की समोरचा जरा सरळ होतो. मेडिकल आधीच करून ठेवा, बीपी वाढलं तर पाण्यात उतरवत नाहीत आणि पैसे परत देत नाहीत. सर्दी असेल तर तारीख पुढं ढकला, कान फुटल्यासारखा दुखतो. टॉवेल दोन न्या, एक वाळतच नाही.

आणि परतीचं तिकीट तिसऱ्या दिवशी संध्याकाळचं काढू नका. खान्देश एक्स्प्रेस त्या दिवशी असली तर मुंबईवरून थेट अमळनेर म्हणून मी खुश होतो, पण फायरचं आटपायला उशीर झाला, गाडी गेली, मग कल्याणवरून जनरल डब्यात जळगाव. अंगाला डिझेलच्या धुराचा असला वास की चाळीसगावपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, जनरलमध्ये, बोला.